स्टेअरिंगवरचं सातवं बटण

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही.

वायर जोडणारा मी. टेप सोलणारा मी. आणि घर मोडलं ते माझ्या सख्ख्या बहिणीचं.

नावं बदलली आहेत, गावं खरी आहेत. नावं का बदलली ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल. ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं. मला कुणाला पटवून द्यायचं नाही, फक्त कुठंतरी लिहून टाकायचं आहे.

रात्रीची गोष्ट शोधत असाल तर ती इथं नाही. अमावास्या नाही, पिंपळ नाही. सगळं भर दुपारी घडलं, डांबर पाघळतं अशा उन्हात.

२८ मार्च २०२३. मंगळवार. रमजानचा पाचवा रोजा. गाव धाराशिव.

माझं गाड्यांना स्टिरिओ, स्पीकर, रिव्हर्स कॅमेरा बसवायचं दुकान आहे. एकोणीस वर्षं झाली. समदकडं बसवलेली गाडी तक्रार घेऊन परत येत नाही, असं लोक म्हणायचे. खरं सांगायचं तर लोकांपेक्षा जास्त मीच म्हणायचो.

त्या दुपारी माझे दुल्हाभाई गाडी घेऊन आले. बहिणीच्या नवऱ्याला आम्ही दुल्हाभाई म्हणतो. आयुब सर, माझ्या मोठ्या बहिणीचे, हुमेरा आपाचे मिस्टर. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या पुढं एका खेड्यातल्या शाळेत गणित शिकवायचे. येडशी, तेरखेडा करत रोज जाऊन-येऊन. इतकी वर्षं मोटरसायकलवर काढली. पन्नाशी जवळ आली, कंबर कुरकुरायला लागली, तेव्हा आपानंच मागं लागून त्यांना सेकंडहँड गाडी घ्यायला लावली.

गाडी चांगली होती. पांढरी, सीटवर एक डाग नाही.

"समद, स्टिरिओ कोणता बी बसव," दुल्हाभाई म्हणाले. "पर स्टेअरिंगवरची बटणं चालली पाहिजेत बघ."

त्याला कारण होतं. लहानपणी कडबाकुट्टीत त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली होती. राहिला अंगठा आणि करंगळी. गाडी झकास चालवायचे, पण चालवताना डावा हात लांब करून स्क्रीनवर बोट टेकवणं त्यांना जमायचं नाही. स्टेअरिंगवर तळवा ठेवला की बटणं बरोबर अंगठ्याखाली यायची.

"आपाचा फोन उचलता आला पाहिजे, असं सरळ सांगा ना," मी चिडवलं.

"न्हाय उचलला तर इफ्तारीला खजूर बी मिळायची न्हाय मला," ते हसले.

त्या दोघांचं असंच होतं. एकवीस वर्षं झाली होती लग्नाला, तरी शाळा सुटली की आपाचा फोन जायचाच. निघालात का? कुठवर आलात? येताना कोथिंबीर आणा. तेवढंच. मोहल्ल्यात लोक हसायचे त्यांना. मीही हसायचो.

दुल्हाभाई समोरच्या मशिदीत दुपारच्या, जोहरच्या नमाजला गेले. मी जुना स्टिरिओ बाहेर ओढला.

मागं बटणांच्या दोन बारीक वायरी होत्या. कापलेल्या.

नुसत्या कापलेल्या नाहीत. दोन्ही टोकांना टेप. टेपवर टेप. जवळजवळ अर्धा रोल गुंडाळलेला... आणि वरून प्लास्टिकची पट्टी करकचून आवळलेली.

कुठल्यातरी नवशिक्याचं काम असणार, मी मनात म्हणालो. बटणं जोडता आली नाहीत म्हणून कापून मोकळा झाला. अशा लोकांचा मला भयंकर राग येतो.

ती टेप सोलायला मला दहा मिनिटं लागली.

आता थोडं कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नवीन स्टिरिओला स्टेअरिंगवरची बटणं शिकवावी लागतात. बटण दाबलं की त्या बारीक वायरीतून स्टिरिओला एक आकडा जातो. प्रत्येक बटणाचा आकडा वेगळा. स्क्रीनवर आकडा दिसला की आपण त्याला काम नेमून द्यायचं. हा आला की आवाज वाढव, तो आला की फोन उचल. एकदा शिकवलं की स्टिरिओ विसरत नाही.

त्या स्टेअरिंगवर सहा बटणं होती. मी सहाही शिकवली आणि खाली उतरलो. दार उघडं होतं. मी बाहेर उभा राहून मान मोडत होतो.

गाडीत कुणी नव्हतं. स्टेअरिंगला कुणाचा हात लागलेला नव्हता.

आणि स्क्रीनवर...

सातवा आकडा आला.

गेला. पुन्हा आला. आणि थांबला, कुणी बटण दाबून धरल्यावर थांबतो तसा.

मी वाकून बघितलं. सहाही बटणं वर होती.

जुन्या गाडीत असं होतं. एखादं बटण झिजलं की ते दोन-दोन आकडे पाठवतं. त्यावर आम्हा लोकांची एक सोपी पद्धत आहे. जास्तीचा आकडा सगळ्यात जवळच्या बटणाचाच समजायचा आणि त्याला तेच काम देऊन टाकायचं. हा सातवा आकडा फोन उचलायच्या बटणाच्या आकड्याजवळचा होता.

खरं म्हणजे स्टेअरिंग उघडून बघायला हवं होतं. तासाभराचं काम. पण घसा कोरडा पडला होता, डोकं तापलं होतं, आणि घरचीच गाडी होती.

मी सातव्या आकड्याला काम दिलं. फोन उचल.

सेव्ह केलं.

नवव्या रोज्याला आपाचा मला फोन आला.

"समद, ह्यांच्या गाडीत कोण असतं रे?"

"कोण असणार? एकटेच असतात."

"मग हसतात कुणाशी?"

मला आधी कळेचना. मग तिनं सांगितलं. उन्हाळ्यामुळं शाळा सकाळची झाली होती. साडेबाराला ती नेहमीप्रमाणं फोन लावायची. पण आता रिंग जायच्या आधीच फोन उचलला जायचा. दुल्हाभाईंचा आवाज यायचा.

पण ते तिच्याशी बोलत नसायचे.

"मधी मधी थांबतात," आपा म्हणाली. "कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखं. मग उत्तर देतात. मग हसतात. समोरच्याचा आवाज येत न्हाय, समद. नुसती ह्यांची उत्तरं."

"शाळेतल्या कुणाला घेऊन येत असतील."

"विचारलं म्या. म्हणाले, एकटाच होतो. म्हणाले, तुझा फोनच आला न्हाय."

"बोलतात काय पण?"

तिनं आवाज खाली आणला.

"सांगायची लाज वाटती मला. नवीन लग्न झालं तवा माझ्याशी बोलायचे... तसं बोलतात."

माझी बहीण संशयी बाई नव्हती. हे मुद्दाम लिहितो. एकवीस वर्षांत तिनं नवऱ्याचा खिसा कधी तपासला नव्हता.

संध्याकाळी मी दुल्हाभाईंना गाठलं. त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. आपाचा फोन आल्याची नोंद होती. तीन मिनिटं चाळीस सेकंद. त्यांनी ते पहिल्यांदाच बघितलं असावं, कारण त्यांचा चेहराच उतरला.

"समद, अल्लाची कसम. गाडीत म्या तोंडातनं शब्द काढला न्हाय. रोज्यात घसा सुकतो म्हणून म्या एकटा गुणगुणत बी न्हाय."

मला त्याच वेळी सातव्या आकड्याबद्दल सांगता आलं असतं. सांगितलं नाही. माझं काम चुकलं, हे त्यांच्यापुढं कबूल करायची मला लाज वाटली. किती छोटी गोष्ट होती. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मी गुपचूप सातवा आकडा पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी बघितलं, तर यादीत सहाच्या खाली...

तो होता. काम तेच. फोन उचल.

परत पुसला. परत आला.

घरात आता बोलणं बंद झालं होतं. पहाटे सहरीला आपा ताट ठेवायची आणि उठून आत जायची. त्यांची एकुलती एक मुलगी, उम्मेहानी, तेव्हा नववीत होती. अब्बा आणि अम्मीच्या मधे बसून ती खाली मान घालून जेवायची. एका सकाळी आपानं माहेरी, म्हणजे माझ्या घरी, यायची पिशवी भरली. मी हातापाया पडून तिला थांबवलं.

मग मला एक युक्ती सुचली. मी स्वतःला लई हुशार समजायचो ना.

सतरावा रोजा. ९ एप्रिल, रविवार. मी आपाला सांगितलं, "स्टिरिओत बिघाड आहे. तो फोन आपोआप उचलतो, आणि तू ऐकतेस ते रेडिओचं बोलणं असणार. मी स्वतः दुल्हाभाईंशेजारी बसतो. रेडिओ बंद. आम्ही दोघं एक शब्द बोलणार नाही. तू बरोबर तीन वाजता फोन कर. गाडीच्या आवाजाशिवाय काही ऐकू येणार नाही. मग तर खात्री पटेल?"

"तू शेजारी असशील?"

"तुझी कसम, आपा."

आम्ही येडशीच्या रस्त्याला लागलो. काचा बंद. एसी चालू. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

तीनला दोन मिनिटं कमी असताना मी ओठांवर बोट ठेवलं. दुल्हाभाईंनी मान हलवली.

तीन वाजले.

रिंग वाजली नाही.

स्क्रीनवर आवाजाची पट्टी उमटली... आपोआप. अठरा. सतरा. सोळा. एक-एक आकडा खाली येत होता. दुल्हाभाईंचे दोन्ही हात स्टेअरिंगच्या वरच्या बाजूला होते. बटणांपासून वीतभर लांब. मी बघत होतो.

तीन. दोन. एक.

शून्य.

मग स्क्रीनवर आपाचं नाव आलं आणि त्याखाली सेकंद पळायला लागले.

फोन उचलला गेला होता.

आम्ही दोघं श्वास रोखून बसलो होतो. एसीचा आवाज. टायरचा आवाज. बाकी काही नाही. दुल्हाभाईंच्या कानशिलावरून घामाचा ओघळ खाली आला, तोही त्यांनी पुसला नाही. एकदा मला वाटलं, मागच्या सीटवर कुणीतरी सरकून बसलं. रेक्झिन दाबलं गेल्यावर होतो तेवढाच आवाज...

मी मागं बघितलं नाही. खरंच सांगतो, हिंमत झाली नाही.

चार मिनिटं अकरा सेकंदांनी फोन कट झाला.

आम्ही दोघांनी एक शब्दसुद्धा उच्चारला नव्हता. मला हलकं वाटलं. म्हटलं, सुटलो. आता आपाला पटेल.

घरी आलो तर आपा दारातच उभी होती. तिनं दुल्हाभाईंकडं बघितलंच नाही. सरळ माझ्यापुढं आली.

"तू बी?"

"काय झालं?"

"तू बी त्यांच्यात सामील, समद? तू बी हसत होतास तिच्याशी."

"आपा, आम्ही तोंडसुद्धा उघडलं नाही."

"तुझा आवाज मला वळखू येत न्हाय?" तिचा आवाज फाटला. "लहानाचा मोठा केला तुला म्या. तुझा आवाज वळखू येत न्हाय मला? तिला तू आपा म्हणालास. दोनदा म्हणालास. आपा, तुम्ही काळजी करू नका, म्हणालास."



दुल्हाभाई मटकन ओट्यावर बसले.

त्या दिवसापासून माझ्या बहिणीला माझा एकही शब्द खरा वाटेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी मी गाडीच्या कागदांवरून आधीच्या मालकाचा नंबर काढला. मल्लिनाथ नावाचे गृहस्थ, उमरग्याचे. मला वाटलं होतं, गाडीत कुणीतरी मेलं असणार, अपघात झाला असणार. तसलं काही नव्हतं. गाडी नवी त्यांनीच घेतली होती. साधा ओरखडाही नव्हता. तीन वर्षं कुणाला काही जाणवलं नाही, एक दिवस अचानक सुरू झालं, एवढंच ते म्हणाले.

मी विचारलं, "स्टेअरिंगच्या बटणांच्या वायरी तुम्ही कापल्या होत्या का?"



"तुम्ही जोडल्या?" ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

"घरी कोण कोण आहे तुमच्या? बायको आहे?"

"गाडी माझ्या मेव्हण्यांची आहे. माझी बहीण..."

"म्हणजे तिनं ऐकलं." ते हळू बोलायला लागले. "माझी बायको बी हेच म्हणायची बघा. गाडीत कुणाशी हसता? मी एकटाच असायचो हो. देवाशपथ एकटाच. शेवटी गेली माहेरी अक्कलकोटला. फारकत झाली. मग मी त्या वायरी कापल्या. त्यानंतर थांबलं सगळं. ताबडतोब कापा तुम्ही. घटकाभर बी थांबू नका."

मी त्याच दुपारी वायरी कापल्या. टेप लावली. टेपवर टेप. दुल्हाभाईंचा फोन स्टिरिओतून काढून टाकला, ब्लूटूथ बंद केलं.

आख्खा स्टिरिओच का काढला नाही, असं तुम्ही विचाराल. ईद तोंडावर आली होती. दुकानात गाड्यांची रांग लागली होती. वायरी कापायला तो नुसता पुढं ओढला होता; आख्खा काढून सगळं वायरिंग पूर्ववत करायचं म्हणजे अर्धा दिवस मोडणार. "ईद झाली की काढतो," मी म्हणालो.

दुल्हाभाई म्हणाले, "काढ, नको काढू. आता काय फरक पडतो."

त्या दिवसांत ते फार कमी बोलायचे. गाडीच्या काचा उघड्या ठेवून चालवायचे. एकदा मला म्हणाले, "समद, ती बोलत न्हाय त्याचं वाईट वाटत न्हाय. साडेबाराला फोन करत न्हाय, त्याचं वाटतं."

आपानं फोन करणं बंद केलं होतं. आठवडाभर काहीच झालं नाही. मला वाटलं, मल्लिनाथ बरोबर बोलले. थांबलं.

आता कळतं. थांबलं नव्हतंच. त्यांच्याकडं काय आणि आमच्याकडं काय, फोन करणारं कुणी उरलं नव्हतं.

पंचविसावा रोजा. १७ एप्रिल, सोमवार.

दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी आपाच्या फोनवर दुल्हाभाईंचा फोन आला. आठ दिवसांनी पहिल्यांदा. तिनं उचलला.

ते हसत होते.

तिनं कापला.

परत आला. परत हसणं. तिनं कापला.

हे तिनंच मला नंतर सांगितलं, मान ताठ ठेवून. "नऊ वेळा लावला त्यांनी. नऊ वेळा कापला म्या. रोज्यात, भर दुपारी, तिला शेजारी बसवून मला चिडवत होते. शेवटच्या वेळी तर हसता हसता धाप लागली होती."

शेवटचा फोन एक वाजून चौतीस मिनिटांचा होता.

तेरखेड्याच्या अलीकडं गाडी रस्त्याच्या कडेला नीट उभी होती. इंजिन चालू. इंडिकेटर चालू. एका टेम्पोवाल्यानं अडीचच्या सुमारास काचेतून बघितलं.

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. म्हणाले, झटक्यात गेलेले नाहीत, अर्धा-पाऊण तास जीव असणार. कुणाला एक फोन गेला असता तर...

वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं.

गाडीपाशी मी सगळ्यात आधी पोचलो होतो. दुल्हाभाईंचा डावा तळवा स्टेअरिंगवरच होता. अंगठा फोनच्या बटणावर. इतका दाबलेला, की नख पांढरं पडलं होतं.

मी वायर कापलेल्या बटणावर.

मोबाइल त्यांच्या खिशात होता, बटणबंद खिशात. मोबाइलला लॉक होतं. स्टिरिओ त्याला जोडलेला नव्हता. आणि त्यातून नऊ फोन गेले होते. कसे गेले, मला माहीत नाही. माणूस जीव तोडून बायकोला हाक मारत होता की दुसरंच कुणी त्याच्या आवाजात हसत होतं, तेही मला माहीत नाही.

आमच्याकडं मय्यत उचलायच्या आधी बायकोला विचारतात, कहा-सुना माफ केलं का? ती म्हणते, केलं. तेवढ्या शब्दानं जाणारा हलका होऊन जातो, असं मानतात.

दुल्हाभाईंची आई, हमिदाबी, ऐंशीच्या पुढच्या. भिंत धरत आपापाशी आल्या. माझ्या अम्मीच्या वयाच्या बाईनं माझ्या बहिणीपुढं पदर पसरला.

"बेटा, माफ कर माझ्या लेकराला. म्हण एकदा."

सगळ्या बायका आपाकडं बघत होत्या. मी दाराबाहेर उभा होतो.

"न्हाय," आपा म्हणाली.

"रोज्यात गेला गं. उपाशीपोटी गेला."

"न्हाय करत माफ."

मला तेव्हा आत जाऊन ओरडता आलं असतं. सातवा आकडा, मल्लिनाथ, कापलेल्या वायरी, सगळं. पण तोंड उघडलं आणि एक गोष्ट डोक्यात आली...

तिला हे पटलं तर?

तिला पटलं, तर नवऱ्यावरचा डाग पुसला जाईल. पण मग त्या दुपारी तिनं काय कापलं? मरणाऱ्या माणसाचे नऊ फोन. नऊ वेळा, स्वतःच्या बोटानं. रागावर ती उभी तरी आहे. खरं कळलं तर ती जगायची नाही.

मी तोंड मिटलं. जनाजा उचलला. खांदा दिला.

गाडी अजून दुकानामागं उभी आहे. चाकांतली हवा गेली, काचेवर बोटभर धूळ बसली. कुणाला विकायची माझी हिंमत नाही. भंगारात दिली तरी स्टेअरिंग कुणीतरी काढून दुसऱ्या गाडीला लावणारच, आमच्या धंद्यात तेच चालतं. स्टेअरिंगच्या बटणांचं काम मी सोडलं. बायकोला सांगितलंय, मी घरी येईपर्यंत मला फोन करायचा नाही. तिनं कारण विचारलं. मी सांगितलं नाही.

गोष्ट इथं संपवता आली असती. पण मागच्या महिन्यात आपानं मला बोलावलं.

शेजारच्या नानासाहेबांना रात्री अटॅक आला होता. त्यांच्या घरात माणूस नव्हतं, म्हणून आपा धावली होती. दवाखान्याची गाडी येईपर्यंत ती त्यांच्या उशाशी होती. नानासाहेब वाचले. पण आपा तेव्हापासून झोपली नव्हती.

ती माझ्या शेजारी बसली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं माझा हात धरला.

"समद, त्यांच्या छातीतनं आवाज येत होता. असा, तुटक तुटक."

दुसरा हात तिनं स्वतःच्या छातीवर ठेवला.

"लांबून ऐकला तर हसल्यासारखा वाटंल." तिची बोटं माझ्या मनगटात रुतली. "त्या दिवशी फोनवर... ते हसतच होते ना रे? खरं सांग. तुला अम्मीची कसम."

ती माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला लिहिता येत नाही. तिला खरं नको होतं. एक शब्द इकडचा तिकडं झाला असता, तर ती माझ्यासमोर कोसळली असती.

"हसतच होते, आपा," मी म्हणालो.

"आणि ती?"

"होती एक बाई. शाळेकडची. मी भेटलो होतो तिला. तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणून खोटं बोललो तुझ्याशी."

आपानं डोळे मिटले. तिची बोटं सैल झाली.

"मला माहीतच होतं," ती म्हणाली. आणि भिंतीला टेकून तिथंच झोपी गेली. कितीतरी दिवसांनी.

मी उठलो.

उम्मेहानी दारात उभी होती. हातात पाण्याचा तांब्या. आता अकरावीला आहे, बापासारखीच गणितात हुशार. या घरात दुल्हाभाईंवर विश्वास ठेवणारी ती एकटीच उरली होती. दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, माझ्याबरोबर त्यांच्या कबरीवर यायची, शेजारी बसून फातिहा पढायची. अम्मी खोटं बोलती मामू, माझे अब्बा तसे नव्हते, म्हणायची.

तिनं सगळं ऐकलं होतं.

मला बोलावंसं वाटलं. पण आत आपा झोपली होती, आणि दारात ही. एकीला सांगावं तर दुसरी ऐकणार होती.

तिनं तांब्या खाली ठेवला आणि आत निघून गेली.

त्या जुम्मेरातीला मी तिला न्यायला गेलो. ती वही उघडून बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही जा मामू."

आता मी एकटाच जातो.